बाई चिडण्याआधी

"माझ्या मुलांनी केलेली वस्तू पहिल्या फटक्यात चालली नाही ना सर, तर त्या खोलीची किल्ली मी स्वतः तुमच्या हातात आणून देईन!"

असं भर स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत, विज्ञानाच्या बाई हेडसरांना म्हणाल्या. आता, पहिल्या फटक्यात काहीही चालत नाही, हे बाईच मुलांना शिकवायच्या. "पहिला नमुना मोडायलाच असतो रे गधड्यांनो!" हे त्यांचं लाडकं वाक्य. पण राग आला की माणूस स्वतःचंच बोलणं विसरतो, आणि बाईंच्या रागाला मुहूर्त लागत नसे.

या वेळी कारण मात्र सज्जड होतं. जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोलीत बाई नववीच्या मुलांना शोध लावायला शिकवत. कुणाची तरी खरी अडचण शोधायची, त्या माणसाला नीट न्याहाळायचं, पुठ्ठ्याचा नमुना करायचा, तो मोडायचा, पुन्हा करायचा. खोलीभर पुठ्ठे, तारा, गोंद आणि भाजलेली बोटं! आणि हेडसरांना तीच खोली मोडकी बाकं ठेवायला हवी होती.

"मोडक्या बाकांना छप्पर, आणि धडधाकट मुलांना हाकलून द्यायचं?" बाई कडाडल्या. शेवटी संस्थेचे म्हातारे इंजिनिअर येऊन काय ते ठरवतील, असं ठरलं. मुलांची एक तरी वस्तू एखादी खरी अडचण सोडवताना त्यांना दिसली पाहिजे. नाही दिसली, तर खोलीत बाकं!

मुलं झपाटल्यासारखी कामाला लागली. पण काय करताहेत, ते बाईंना सांगेनात. वर्गाची पुढारी होती एक चष्मेवाली मुलगी. मुलं तिला मुकादम म्हणत.

"बाई, ज्याच्यावर चाचणी, त्याला आधी सांगितलं तर चाचणी खोटी होते. तुम्हीच शिकवलंत."

"अगं, पण माझ्यावर थोडीच आहे चाचणी!"

मुकादम चष्मा पुसत राहिली. बाईंनी तिथेच ओळखायला हवं होतं. नाही ओळखलं.

शनिवारी इंजिनिअरसाहेब आले. मागोमाग हेडसर आले, ते खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनीच मोजत. मुकादमने बाईंच्या टेबलावरच्या खोक्यावरून फडकं काढलं. खोक्यावर तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल. आणि वर ठळक अक्षरांत पाटी!

अडचण : बाई चिडतात.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर जीव तोडून शिकवलं ते याच्यासाठी? जगात अडचणींचा काय दुष्काळ पडला होता? पण समोर पाहुणे! बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि दात दिसतील इतपत हसल्या. "वा! छान हं, बाळांनो!"

बाळांनो हा शब्द बाईंच्या तोंडून वर्गाने प्रथमच ऐकला. मागच्या बाकावरचा एकजण घाबरून उभाच राहिला.

मुकादम समजावून सांगू लागली. "आधी आम्ही आवाज मोजत होतो. पण बाईंचा आवाज चढतो तोवर उशीर झालेला असतो. मग आम्ही बाईंना नीट न्याहाळलं. चिडायच्या आधी बाई गप्प होतात आणि बोटांनी टेबल वाजवतात. त्यांना ते माहीत नाही. म्हणून टेबलाखाली ही चकती लावली. टेबल थरथरलं की हिला कळतं. पिवळा लागला की वह्या उघडायच्या, लाल लागला की बाकाखाली."

"टेबल वाजवलं की दिवा लागणार, यात काय मोठंसं?" इंजिनिअरसाहेब म्हणाले. "त्यानंतर बाई चिडतात, हे दाखवा की."

"बाई, चिडा ना!" वर्ग ओरडला.

"मी?" बाई गोड आवाजात म्हणाल्या. "मी कुठे चिडते?"

"बाई, खोली जाईल!"

बाईंनी प्रयत्न केला. डोळे वटारले. "ए! काय चाललंय?" म्हणाल्या. पण पाहुण्यांसमोर लाजेने जीव चाललेला, राग यावा कुठून? इंजिनिअरसाहेबांनी मान हलवली.

तेवढ्यात मुकादम अगदी साळसूदपणे हेडसरांकडे वळली. "सर, मग मोडकी बाकं आजच आणायची का?"

"हो हो, आणून टाका!" हेडसर खुलले. "अहो, पुठ्ठ्याचे खेळ हे! चार धडे पाठ केले असते तर मार्क तरी मिळाले असते!"

खोली एकदम शांत झाली. बाईंचे हात पाठीमागून कधी पुढे आले, ते बाईंनाही कळलं नाही. टकटक, टकटक, बोटं टेबलावर पडू लागली. हिरवा. पिवळा. फडफडफड, सगळ्या वह्या उघडल्या. लाल! अख्खा वर्ग बाकाखाली गेला. कुणीतरी इंजिनिअरसाहेबांनाही बाही धरून खाली ओढलं. उभे राहिले ते फक्त हेडसर.

"खेळ?" बाई कडाडल्या. "खेळ म्हणता याला? अहो, संसार केलाय ना मी? माझ्या सख्ख्या नवऱ्याला माझी बोटं दिसली नाहीत, ती या पोरांना दिसली! माणसाकडे असं बघायला कुठल्या धड्यात शिकवतात, सांगा! तुमच्या खोलीतून दर वेळी अपमान गिळून यायचं आणि या लेकरांवर ओरडायचं, लाज वाटते हो मला! तुमच्यावरचा राग आजवर यांनी खाल्लाय! आज तुमचा तुम्ही घ्या!"

हेडसर भिंतीला टेकले. बाकाखालून टाळ्यांचा आवाज आला. इंजिनिअरसाहेब होते.

"चालतं!" गुडघे झटकत ते म्हणाले. "ओरडण्याआधी चांगला वेळ मिळाला मला. महिन्याने संस्थेची सगळी मंडळी घेऊन येतो. तेव्हाही असंच चाललं, तर खोली कायमची तुमची."

मुलांनी खोली डोक्यावर घेतली. बाई रडल्यासुद्धा.

आणि इथेच सगळं फिसकटलं. बाईंना राग येईना! वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं एका झटक्यात, योग्य माणसाच्या पदरात पडलं होतं. कुणी शाई सांडली, तर बाई फडकं घेऊन धावायच्या. कुणी गृहपाठ विसरला, तर "असू दे रे, होतं असं!" वर्ग हवालदिल झाला. खोलीसाठी राग हवा, आणि राग बेपत्ता!

शेवटी हेडसरांना साकडं घातलं. आता शाळेच्या इज्जतीचा प्रश्न होता. बिचारे रोज मधल्या सुट्टीत यायचे, दाराबाहेर अर्धं पाऊल तयारीत ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, पुठ्ठ्याचे खेळ!"

"खरंय सर," बाई हसून म्हणायच्या. "बसा ना, चहा घेणार?"

मंडळी उद्या येणार, त्या दिवशीही हेच झालं. हेडसर चहा पिऊन गेले. बाई गुणगुणत फळा पुसत होत्या. खोलीत एकदम शांतता पसरली. मग आवाज आला, टकटक, टकटक.

बाईंनी वळून बघितलं. टेबलापाशी मुकादम उभी होती. ओठ घट्ट मिटलेले आणि बोटं टेबलावर. हिरवा गेला, पिवळा गेला, लाल लागला.

बाईंनी फळ्याचं फडकं टाकलं आणि मुकाट्याने बाकाखाली शिरल्या.