खालचा रकाना

नोंदणीबाबूंनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "साहेब, मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज उद्यापासून थेट कम्प्युटरवर भरायचा! पीडीएफ मी एकटा बनवतो!"

"चाललं, तर बढती तुमची," साहेब म्हणाले. झालं! बाबू घरी पोचेपर्यंत मनानं हेडक्लार्क झालेसुद्धा.

सकाळी पहिल्या आल्या एक आजी, नवऱ्याच्या दाखल्यासाठी. खोलीत पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. बाबूंनी 'अर्जदार' या रकान्यात आजींचं नाव टाकलं आणि दोघंही पडद्याकडं वाकले. खाली, 'मृत व्यक्ती'च्या रकान्यात, कुणी हात न लावता आजींचंच नाव उमटलं होतं.

"अहो, मी बसलेय की इथं!" आजी पुटपुटल्या.

"किरकोळ आहे हो!" बाबूंनी खालचं नाव पुसलं. वरचंही गेलं. आजींनी स्वतःला चिमटा काढून पाहिला.

बाबूंनी खाली आजोबांचं नाव टाकलं. वर 'अर्जदार' म्हणून आजोबा हजर!

"आलेत वाटतं," आजी हळूच म्हणाल्या. "जन्मात एक अर्ज स्वतः भरला नाही. आता सुचलं!" आणि त्यांनी शेजारची खुर्ची जरा ओढून मोकळी केली.

बाबूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं तर भानगड साधी होती. अर्ज बनवताना वरच्याच रकान्याची नक्कल त्यांनी तशीच खाली चिकटवली होती. यंत्राच्या लेखी दोन्ही रकाने एकच, एकात लिहिलं की दुसऱ्यात आलंच! पण हे सुचायला डोकं ठिकाणावर हवं ना? इथं बढती डोळ्यांदेखत चालली होती आणि ती रिकामी खुर्ची काही केल्या रिकामी वाटत नव्हती.

"तुमचं नाव टाकून बघा," आजींनी सुचवलं.

"माझं? छे छे! घरी बायकापोरं आहेत!" बाबूंनी वर साहेबांचं नाव टाकलं. खाली तेही उमटलं.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "काय बाबू, कसं चाललंय?"

बाबू वळले. दारात साहेब!

आजींनी साहेबांच्या खिशावरची नावाची पट्टी वाचली. पडद्यावरचा खालचा रकाना वाचला. मग त्या रिकाम्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची अलगद सरकवली.

"बसा हो यांच्याशेजारी," त्या मायेनं म्हणाल्या. "आमचे हेही तिकडं नवीनच आहेत."