अप्पामामांचा समर्पित सर्व्हर

माझे अप्पामामा गॅसच्या सिलिंडरवर स्वतःचं नाव कोरतात.

भरल्या सिलिंडरवर नाही, तेवढा विचार त्यांना आहे. तो संपला आणि परत जायची वेळ आली की ते आपलं नाव टाकायचं मशीन काढतात आणि कर्रर्र आवाज करत त्याच्या खांद्यावर 'गु. सि. माळगे, शुक्रवार पेठ' एवढा मजकूर घालतात. मी तोवर अंगणात जाऊन उभा राहतो. सिलिंडर न्यायला येणारा माणूस एकदा म्हणाला, "अहो काका, ही टाकी आता दुसऱ्याच्या घरी जाणार."

"जाऊ दे की," मामा म्हणाले. "कुठनं आली ते तरी कळंल त्येला."

त्यातला एक सिलिंडर काही वर्षांनी फिरत फिरत खरोखरच त्यांच्याकडे परत आला. मामांनी त्याला हळदकुंकू लावलं. लेक माहेरी आल्यावर करतात तसं सगळं केलं, फक्त ओटी तेवढी भरली नाही.

मामांचं पूर्वी शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं. विकलेल्या भांड्यावर नाव टाकून देणं हे त्या दुकानातलं मामांचं सर्वांत आवडतं काम. भांडं विकायचं राहून गेलं तरी चालेल, नाव टाकायचं राहता कामा नये. दुकान बंद झालं, पण मशीन घरी आलं आणि मग घरातलं काही सुटलं नाही. छत्रीची मूठ, चष्म्याची डबी, टीव्हीचा रिमोट, चपलेचा तळ. माझ्या लग्नात त्यांनी मला घड्याळ दिलं आणि प्रेमाच्या भरात त्याच्या काचेवर 'चि. विजयला मामाकडून' असं कोरलं. त्यामुळे दुपारी दोन ते पाचमध्ये किती वाजलेत ते मला कधीच कळत नाही. मी बँकेत असल्यामुळे फारसा फरक पडला नाही.

"नाव न्हाय ती वस्तू कुणाची बी हाय," हे त्यांचं ब्रीदवाक्य. लग्नकार्यात चमचे मोजताना, चौकात चपला शोधताना, आणि एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला ते हे वाक्य बोलले आहेत.

अशा माणसाला वयाच्या सत्तरीत सर्व्हर घ्यायची वेळ आली, त्याची ही हकीगत. आमच्या घराण्यात सर्व्हर असलेला माणूस एकच, आणि तो माझा मामा आहे, हे मी बँकेत आलेल्या बऱ्याच खातेदारांना काही कारण नसताना सांगितलेलं आहे.

त्याचं असं झालं. शांतामामी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करायच्या. आधी पेठेत, मग पाव्हण्यारावळ्यांत, मग सोलापूर सोडून गेलेल्या समस्त मंडळींत त्यांचे डबे जाऊ लागले. मामींची लेक सुजाता बेंगळूरला असते. तिनं आईसाठी वेबसाइट करून दिली. कुणाला चटणी जहाल हवी, कुणाला बेताची, कुणाच्या सासऱ्यांना दात नाहीत म्हणून भाकरीऐवजी नुसती चटणीच, हे सगळं त्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये साठत गेलं. मामा त्याला डबाबेस म्हणतात. मी एकदा दुरुस्त करायला गेलो.

"डबेच हायत की रं त्येच्यात," मामा म्हणाले. "एकेका गिऱ्हाइकाचा एकेक डबा. मग डबाबेस न्हाय तर काय?"

तेव्हापासून मीही डबाबेसच म्हणतो.

मामी गेल्या. मामांनी धंदा थांबवला नाही. भाकऱ्या थापायला येणाऱ्या बायका येत राहिल्या, मामा चटणीचं मीठ बघत राहिले. पण मागच्या दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा पडली. चौकशी केल्यावर कळलं, की आमचा डबाबेस ज्या मशीनवर आहे त्याच मशीनवर इतरही पुष्कळ वेबसाइट राहतात. त्यातल्या एका साडीवाल्यानं सेल लावला होता. सगळी गर्दी तिकडे, आणि आमच्या चटणीला आत शिरायला वाट नाही.

मामांना धक्का बसला तो वेगळाच. "म्हंजे आपले डबे इतकी वर्सं दुसऱ्याच्या फडताळात व्हते? आणि त्येच्यावर नाव कुणाचं?"

सुजाताचा फोन आला. ती मामांसारखीच, मुद्द्याचं बोलणारी. "अप्पा, साकु, पुरे आता. एकटे किती दिवस करणार? बंद करा आणि इकडं या."

"संक्रांत होऊ दे," मामा म्हणाले.

"आणि संक्रांतीलाही असंच पडलं तर?"

मामांनी कॅलेंडरकडं बघितलं. "तर धंदा बंद. येतो तुझ्याकडं."

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते, आणि सोलापूर सोडून गेलेल्या माणसाला वर्षातून निदान तेव्हा तरी भोगीची बाजरीची भाकरी आणि शेंगा चटणी आठवते. म्हणजे आमच्या गर्दीचा दिवस तोच. मामांनी नेमका तो दिवस कबूल केला होता.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "तू कॉम्प्युटरवर बसतोस न्हवं? मग बघ."

मी कॉम्प्युटरवर बसत नाही, कॉम्प्युटरसमोर बसतो, आणि तो अडला की वॉचमनपासून सगळ्यांना हाका मारतो, हे मामांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. रात्री पोराकडून शिकून घेतलं आणि सकाळी मामांना सोलापुरी भाषेत समजावलं. "मामा, आत्ता आपलं आहे ते म्हणजे चाळीतला नळ. शेजारणीनं टिपाड लावलं की आपली घागर कोरडी. दुसरा प्रकार म्हणजे लाइन एकच, पण टाकी आपली वेगळी. आणि तिसरा म्हणजे स्वतःचं बोअर. अख्खं मशीन आपलं."

हा दृष्टान्त मला फार आवडला होता. चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावात तो कुणालाही पटावा.

"बोअर आटतं," मामा म्हणाले.

मग कंपन्यांना फोन सुरू झाले. मामा पलंगावर, फोन स्पीकरवर, मी दुभाषा. एका कंपनीनं एवढा वेळ गाणं ऐकवलं की मामांनी तिला तिथंच बाद केलं. दुसरीचं मशीन परदेशात होतं. "आपली सकाळ झाली की त्येंची रात. अडलं-नडलं तर उठवायचं कुणाला?" हा प्रश्न मला हास्यास्पद वाटला, पण पोराला विचारला तर तो म्हणाला, "बरोबर विचारतात की आजोबा. गिऱ्हाइकं इथली असतील तर मशीन जवळचं बरं." मी पोराला अभ्यासाला बसवलं.

तिसरी कंपनी पुण्याची. फोनवर प्रियांका नावाची मुलगी. मामांनी आधी तिला गाव विचारलं.

"मंगळवेढा," ती म्हणाली.

"मंगळवेढ्याची जवारी! मग भाकरीतलं कळतंय तुला," मामा खूश झाले. "आता सांग. मशीन मोडलं तर?"

"आत दोन डिस्क असतात, मामा. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी चालते. आणि रोज एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवतो."

"आणि सुट्टीदिवशी फोन कोण उचलंल?"

"कुणीतरी असतंच. भोगीला मीच आहे, मला सुट्टी नाही मिळाली."

"ह्यो माणूस कामाचा," मामा मला म्हणाले. मशीन कंपनीच्याच जागेत राहणार आणि आपण भाडं भरणार, हे त्यांना आधी रुचलं नाही. पण मंगल कार्यालय भाड्याचं असलं तरी लग्न आपलंच असतं, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

खरी गंमत पुढे झाली. कंपनीनं माहितीपत्रक पाठवलं. कुठल्याशा यंत्रानं केलेलं मराठी होतं ते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'समर्पित सर्व्हर'.

मामांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "विजू, कुणाला समर्पित?"

"कुणाला नाही हो. डेडिकेटेडचं भाषांतर आहे. म्हणजे फक्त आपल्यासाठी."

"आपल्यासाठी असलं तर समर्पित कशाला म्हणतील? मठातला पंखा समर्पित हाय. बसस्टॉपवरचं बाकडं समर्पित हाय. समोर नाव असतंय की. कुणाच्या तरी नावानंच देतात." आणि ते उठून आत गेले. थोड्या वेळानं आतून कर्रर्र असा आवाज येऊ लागला. मी सवयीनं अंगणात गेलो.

संध्याकाळी मामांनी प्रियांकाला फोन लावला. "पोरी, स्टीलची एक पाटी पाठवतो. त्या मशीनवर लावायची."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बँकेत निदान काउंटरच्या काचेआड लपता येतं.

पण प्रियांका हसली नाही. "मामा, मशीनवर बाहेरून काही लावू देत नाहीत. पण प्रत्येक मशीनला आतून एक नाव द्यावं लागतं. आम्ही त्याच नावानं ओळखतो त्याला. तुमच्या मशीनचं नाव तुम्ही सांगा. इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नको."

मी पुढं सरसावलो. सिलिंडरवर, छत्रीवर, चपलेवर आहे तेच नाव, मला पाठ होतं. "लिहा, एम, ए, एल..."

"थांब," मामा म्हणाले. "शांता लिव्ह."

फोन ठेवून मामा फडताळापाशी गेले. समोर फडताळात डब्यांची ओळ होती, मामींनी लावलेली. मी लहानपणापासून ती बघत आलो होतो. पिठाचा डबा, गु. सि. माळगे. तिखटाचा डबा, गु. सि. माळगे. शेंगांचा डबा, गु. सि. माळगे.

"एकदा म्हणाली व्हती," मामा म्हणाले. "अख्ख्या गावाच्या भांड्यावर नाव टाकता, एका तरी डब्यावर माजं टाका की. मी म्हटलं, कशाला? नाव हरवायच्या वस्तूवर टाकत्यात. तू घरातलीच हायस, हरवणार कुटं?"

त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. स्टीलचा लहानसा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वर एवढंच कोरलं होतं, शांता. मी बोलू नये ते बोललो. "मामा, नावाआधी कै. लावायचं राहिलं."

"चालत्या मशीनवर कै. लिवतात व्हय रं?"

डबाबेस नव्या मशीनवर गेला. मामा रोज सकाळी प्रियांकाला फोन करायचे. "शांता कशी हाय?" ती सांगायची, "बरी आहे, मामा." शेवटी तिनं एक सोय करून दिली. मशीन ठीक असलं की रोज पहाटे मामांच्या फोनवर आपोआप निरोप यायचा.

भोगीच्या दिवशी मी अंधारातच मामांकडे गेलो. बायको म्हणाली, "सर्व्हर पडला तर तुम्ही काय उचलून धरणार आहात?" तिचं बरोबर होतं, पण मी गेलो. मामा आंघोळ करून पलंगावर बसले होते. फोन समोर, पाटी शेंगांच्या डब्याला टेकवून ठेवलेली. आत बायका भाकऱ्या थापत होत्या. ऑर्डरी येऊ लागल्या. एकामागून एक, मध्ये खंड नाही, कुठं अडलं नाही. मी एकेक वाचत होतो आणि मामा मान हलवत होते. त्यातली एक वाचताना मी थांबलो.

"काय झालं?" मामांनी घाबरून विचारलं. "पडलं का?"

"नाही. बेंगळूरची आहे. सुजाताची. शेंगा चटणी, बेताची तिखट." मी खालचं वाचलं. "दर महिन्याला पाठवणे."

मामांनी उपरण्यानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

तेवढ्यात फोन वाजला. रोजचा निरोप होता तो, इंग्रजीत. मामांनी फोन माझ्याकडे सरकवला. "काय म्हनतंय?"

शांता इज अप, असं लिहिलं होतं. मी माझ्या परीनं मराठी केलं. "शांता उठलीये म्हणे, मामा. कामाला लागलीये."

मामांनी आतल्या भाकऱ्यांच्या आवाजाकडे कान दिला.

"उठली असंल की," ते म्हणाले. "तिला कुटं उशिरा उठायची सवय हाय."