गाडीचे व्याही

आगगाडीला "रामराम, व्याहीबुवा" म्हणणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. दरेकशाच्या स्टेशनात कलकत्त्याची पॅसेंजर शिरू लागली की मंसारामजी पटले पायांतल्या वहाणा काढत, पागोटे सारखे करत आणि इंजिनाला कमरेतून वाकून नमस्कार करीत. इंजिन वाफ सोडी. त्यांना तो प्रतिनमस्कार वाटे.

कारण असे की, त्यांची एकुलती एक मुलगी सगुणा डोंगरगडच्याही पलीकडे, एका लहानशा स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनला दिलेली होती. जावई रेल्वेचा, म्हणून सारी रेल्वेच मुलीचे सासर, असे त्यांनी ठरवून टाकले होते. त्यातही मेलगाडी त्यांच्या खिजगणतीत नव्हती. ती ना दरेकशाला थांबे, ना सगुणाच्या स्टेशनावर. दोन्हीकडे थांबणारी पॅसेंजर तेवढी खरी व्याही.

या नात्याचे सारे सोपस्कार ते पाळत. गाडीला उशीर झाला आणि लोक कुरकुरू लागले, की ते व्याह्याची बाजू घेत. एवढ्या मोठ्या घरात कामे का थोडी असतात, अशी समजूत घालत. पोळ्याला इंजिनाचे कपाळ जिथे असावे असे त्यांना वाटे, तिथे ते हळदकुंकू लावत आणि ड्रायव्हरच्या हाती नारळ देत. मी त्या वेळी गावच्या शाळेत मास्तर होतो. एकदा त्यांच्यादेखत मी तिला 'रखडगाडी' म्हणालो. पुढे कितीतरी दिवस त्यांनी माझ्याशी भाषण केले नाही. मग आपणच एका सकाळी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, मले काही बी म्हना. पन माह्या व्याह्याले नावं ठेवू नका जी. पोर त्याच्या घरी आहे."

त्या दिवसापासून मी गाडीविषयी जपून बोलू लागलो, आणि जपून बोलता बोलता तिच्याकडे नीट पाहूही लागलो.

तिची सारी हकीकत मला त्यांच्याच तोंडून कळली. डोंगरात बोगदा खणला तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर बसण्याइतके लहान होते. डोंगराच्या पोटातून धूर सोडत पहिली गाडी बाहेर आली, तेव्हा अर्धे गाव पळाले आणि उरलेल्या अर्ध्याने मुठीतले तांदूळ तिच्यावर उधळले. पुढे दुष्काळात तिनेच परमुलखाचे धान्य आणले, आणि तिनेच कितीतरी घरे उचलून चहाच्या मळ्यांकडे नेली. त्यांतली थोडीच परतली. पहिल्या लढाईवर पोरे गेली ती तिच्यातूनच. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसे. पुराविषयी नदीकाठच्या माणसाने बोलावे, तसे ते बोलत. नागपूरहून निघून समुद्राजवळच्या शहरापर्यंत जाणारी गाडी आमच्या धानाच्या बांध्यांशेजारी घटकाभर उभी राहते, यात थक्क होण्यासारखे काही आहे, हे मला शिकलेल्या माणसाला तोवर सुचले नव्हते.

पोळ्यानंतर तिजाचा सण येतो. लेकी त्यासाठी माहेरी येतात आणि बापाने किंवा भावाने त्यांना आणायला जायचे असते. मंसारामजी दरवर्षी जात. तिकीट रीतसर काढत. पण बाकावर बसत नसत. डब्याच्या फळ्यांवर घोंगडी अंथरून खाली बसत. एकदा तिकीट तपासनिसाने विचारले, "बाबा, सीट तो खाली है, नीचे क्यों बैठे हो?" त्यावर ते हात जोडून म्हणाले, "पोरीचा बाप आहो जी. व्याह्याच्या बरोबरीनं कसा बसू?" तपासनीस भला होता. तो पुढच्या डब्यात जाऊन हसला.

मग दुसरी लढाई पेटली. पलटणींच्या गाड्यांना रूळ मोकळे हवेत म्हणून पॅसेंजर बंद होणार, अशी पाटी स्टेशनात लागली. शेवटची फेरी तिजाच्या तोंडावरच होती. मंसारामजींनी ती पाटी मला पुन्हा वाचायला लावली. सगुणाला आणायचे ते आताच, म्हणाले. पुढे तिचे तोंड केव्हा दिसेल, कोण जाणे. आणल्यावर तिला परत कसे पोचवायचे, याचा विचार त्यांनी केला नव्हता. केला असला तरी मला सांगितला नाही. शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी जायचे आणि दुपारच्या परतीच्या गाडीने तिला घेऊन यायचे, असे ठरले. त्यांच्या आग्रहाने मीही सोबत निघालो.

पॉइंटमनची खोली फलाटाला लागूनच होती. आत जावई तापाने फणफणत पडला होता. आपल्याला येता येणार नाही, हे सगुणाने उंबऱ्यातूनच हळू आवाजात सांगितले. मंसारामजींनी मान हलवली आणि ते बाहेर पळसाखाली जाऊन बसले.

मुलीच्या पोटी मूल येईपर्यंत बापाने तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. सगुणाच्या लग्नाला पुष्कळ वर्षे झाली होती. दरवर्षी बाप त्या पळसाखाली आपली शिदोरी सोडी आणि मुलगी उंबऱ्यात उभी राहून पाही. त्या दिवशी त्यांनी शिदोरी सोडलीच नाही.

परतीची गाडी आली. पलटणीची गाडी आधी जायची होती, म्हणून ती बराच वेळ उभी राहिली. मी डब्यात बसून त्यांना हाक मारली. ते खिडकीशी आले आणि घरी निरोप सांगा म्हणाले, की जावई उठून बसेपर्यंत आपला मुक्काम इथेच. परत कसे याल, असे मी विचारले.

"पायी येईन जी, रुळाच्या काठाकाठानं. तिले पानी आनून देनारा कोनी नाही, मास्तर."

मग त्यांनी दारातला रिकामा घडा उचलला, विहिरीवरून भरून आणला आणि अंगणात ठेवला. मुलीकडे न पाहता ते म्हणाले, "बाई, भात टाकशील तं माह्या वाटचा बी टाक."

सगुणा उंबऱ्यात तशीच उभी राहिली. मग तिने पदराने तोंड पुसले आणि ती आत गेली. आमची गाडी हलली तेव्हा त्या खोलीच्या कौलांतून धूर वर येऊ लागला होता.