हंबीररावांनी ताणलेला बेल्ट

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या हंबीररावांनी कराडजवळच्या आपल्या घरामागं जुन्या मोटारीचं इंजिन स्वतः खोललं, स्वतः बांधलं आणि बायकोला, अंजनाबाईंना, सांगून टाकलं, "अंकिताच्या सोयरिकीला आटपाडीला जायचं ते ह्याच गाडीनं. आता हिच्याकडं बघायचं कामच न्हाई."

फक्त एका ठिकाणी त्यांनी पुस्तकाचं ऐकलं नव्हतं. इंजिनातला दात्यांचा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, दोन बोटांत धरून पिळला तर पाव फेरा वळावा, एवढाच ताण ठेवा, असं पुस्तक म्हणत होतं. हंबीररावांना हे फारच नेभळट वाटलं. "फौजेत सैल काय चालत न्हाई," म्हणत त्यांनी तो तारेसारखा ओढला आणि नट आवळला.

गाडी सुरू झाली ती बारीक, लांबलचक सूर लावूनच. वेग वाढला की सूरही चढायचा. विट्याच्या अलीकडं एका उसाच्या ट्रॉलीवाल्यानं घाईघाईनं बाजू दिली. मग एका एसटीनं दिली.

"बघितलंस? गाडीला मान हाय."

"आवं, त्यास्नी ॲम्ब्युलन्स वाटतीया," अंजनाबाई म्हणाल्या. मागं बसलेल्या लेकीनं, अंकितानं, ओढणीत तोंड लपवलं.

आटपाडीत मुलाचे वडील लालासाहेब दारात स्वागताला उभे होते. पण आवाज आत पोचला आणि त्यांच्या आईनं, अंबूबाईंनी, खोलीला आतून कडी घातली. गुडघे लय दुखत होते त्यांचे, आणि दवाखान्याचं नाव काढलं तरी त्यांना खपत नसे.

"मला न इचारता गाडी बोलावली व्हय रं? मी न्हाई येणार."

"आई, पाव्हणं आल्यात. अंकिताचं घरचं."

"पाव्हणं काय ॲम्ब्युलन्समधनं येत्यात?"

आजीनं हो म्हटल्याशिवाय त्या घरात सुपारी फुटत नसे. पाहुणे पोह्यांच्या बशा हातात धरून तसेच बसले. अंकितानं बापाकडं असं पाहिलं की हंबीरराव पाना घेऊन उठलेच.

"आजी, ती आमची घरची गाडी हाय. आवाज आत्ता घालवतो."

त्यांनी बॉनेट उघडलं, बेल्टवरचं झाकण काढलं आणि नट सैल केला. चूक भरून काढायची म्हणून जरा जास्तच सैल केला.

"आता ऐका," म्हणत त्यांनी किल्ली फिरवली. बेल्ट फटफट आपटला, दाते सोडून सरकला, इंजिन एकदा खोकलं आणि गप झालं. पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर नुसता कण्हत राहिला.

अंगणात शांतता पसरली. मग खोलीची खिडकी उघडली.

"हां," अंबूबाई म्हणाल्या. "आता कशी गरीब वाटतीया."

कडी निघाली. आजी बाहेर आल्या, अंकिताला जवळ बसवून घेतलं, आणि पोह्यांवर चहा यायच्या आत सुपारी फुटली.

"आवाज घालवला का न्हाई?" हंबीरराव बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"गाडीबी घालवली."

निघताना लालासाहेबांनी आपला ट्रॅक्टर काढला आणि मोटारीला दोर बांधला. हंबीरराव स्टिअरिंग धरून ताठ बसले. नजर कमी झालेल्या अंबूबाई ओट्यावरून निरोप द्यायला उभ्या होत्या. त्यांना दोर काही दिसला नाही; पुढं धडधडणारा ट्रॅक्टर रोजच्यासारखा रानात निघालाय, असंच त्यांना वाटलं. मोटार हळूच हलली तशा त्या नातसुनेच्या कौतुकात म्हणाल्या, "बघा, आवाज न्हाई, धूर न्हाई. आपणबी असलीच घेऊ."

हंबीररावांनी त्यांना नमस्कार केला आणि मानानं हॉर्न वाजवला. गाडीत तेवढंच चालू होतं.