शेततळ्यातली राणी

जळालेली वस्तू दुरुस्तीच्या लायकीची आहे की भंगार, हे मी नुसत्या वासावरून सांगतो. थट्टा नाही. एकोणीस वर्षं नगरला विम्याचा सर्व्हेअर म्हणून काढलीत मी. जळालेले टेम्पो, जळालेले उसाचे ट्रक, एकदा तर जळालेलं मंगल कार्यालय. गेलो, वास घेतला, निकाल दिला. माझा निकाल आजवर कुणी फिरवला नाही.

म्हणून माझ्या मेहुण्याचा, वैजनाथचा, काष्टीहून फोन आला तेव्हा मला मुळीच भीती वाटली नाही.

"दाजी, एक जळकी गाडी बघायचीय. या की शनिवारी."

शनिवारी दिपालीला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन सासुरवाडीला गेलो. लिंबाच्या बागेशी पोचलो आणि मी गाडीतून उतरायचाच विसरलो. शेतात, शेततळ्याच्या कडेला, ट्रेलरवर एक बोट उभी होती! तीस फुटी मोटारबोट! तिचा आधीचा मालक तिला म्हणे यॉट म्हणायचा. वरची केबिन जळून काळीठिक्कर. नाकाडावर 'सागरराणी' असं नाव होतं, त्यातला सागर आगीने खाल्ला होता आणि राणी तेवढी उरली होती.

"ही गाडी?" मी विचारलं.

"इंजन हाय ना तिला, मग गाडीच," वैजनाथ म्हणाला. "उजनीच्या पान्यावर लोकास्नी पक्षी दावत फिरवायची, दाजी. अलिबागच्या मानसानं आठ दिस दिल्यात. पटली तर ठिवायची, न्हाईतर ट्रेलर माघारी. तुमी म्हनाल तसं."

सासूबाई, बायडाबाई, लिंबाच्या झाडाखाली बसून हे ऐकत होत्या. बाग त्यांची. दोनशे झाडं त्यांनी हाताने लावलेली. एप्रिल चालू होता आणि जूनपर्यंत त्या झाडांचा जीव होता समोरच्या शेततळ्यात. प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं तळं. त्या पाण्यात त्या कुणाला पायसुद्धा बुडवू देत नसत.

मी बोटीत चढलो. वास घेतला. डिझेल, जळकं फायबर आणि कुजकट मासळी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. खरं सांगतो, मला धक्का बसला. पण सासुरवाडीत जावयाने "कळलं नाही" म्हणायची पद्धत नसते.

"वरचं जळालंय, ते नवं होईल," मी खाली उतरत म्हणालो. "प्रश्न बुडाचा आहे. आगीने बुडाला चीर गेली असेल तर भंगार, नसेल तर सोनं. पंक्चरवाला काय करतो? ट्यूब पाण्यात धरतो."

"आन पानी कुटं हाय?" वैजनाथने विचारलं.

आम्ही दोघांनी एकदमच शेततळ्याकडे बघितलं.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माज्या पान्यात?"

"पाणी काही पिणार नाही ती, आई," मी म्हणालो. "तरंगेल, मी बघेन, बाहेर काढू. थेंब कमी होणार नाही. माझा शब्द."

"काष्टीच्या बाजारात बैलसुदीक चालवून बगितल्याबिगर घेत न्हाईत," वैजनाथने जोर लावला. सासूबाई परत खाली बसल्या. जावयाचा शब्द कसा मोडायचा!

हायड्रा क्रेन आली. तिचा हात तळ्याच्या मध्यापर्यंत पोचेना, म्हणून ठरलं की बोट उतारावर टेकवायची आणि सोडायची घसरत. क्रेनवाला खाली वाकून म्हणाला, "सायेब, मागं दोन पंखं हायत पितळंचं. काढून घ्यू का?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. "सर्व्हे होईपर्यंत वस्तू आहे तशीच राहिली पाहिजे. नियम आहे."

हा नियम टेम्पोसाठी केलाय, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बोट सरसर घसरली, पाण्यात शिरली आणि तरंगली! वैजनाथने शिट्टी मारली. पाणी जिथे टेकत होतं तिथे मी बोटीवर खडूने रेघ ओढली, तिला दोराने खुंटीशी बांधलं आणि जाहीर केलं, "आता उद्या सकाळी बघायचं. रेघ पाण्याखाली गेली तर भंगार. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर."

सकाळी चहा हातात घेऊन मी बांधावर चढलो आणि चहा सांडला. काल बोटीचं टप्पर माझ्या डोक्याच्या वर होतं. आज ते पायाखाली होतं!

"बुडाली!" मी ओरडलो. "वैजनाथ, टोटल लॉस! भंगार!"

वैजनाथ बांधावर मटकन बसला. "पक्षी गेलं, दाजी," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला भडभडून आलं. निदान कलेवर तरी वर काढावं म्हणून पाणी उपसायचा पंप आणला. मी दोराला धरून बोटीत उतरलो, पंपाचा पाइप तिच्या तळाशी सोडला, वैजनाथने पंप चालू केला. पंप नुसता घरघरला. पाइपच्या तोंडाला चिकटून वर आली एक अर्धी जळकी चप्पल.

बोट आतून ठणठणीत कोरडी होती.

मी वाकून खडूची रेघ बघितली. पाण्याला बरोब्बर टेकलेली. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही.

"वैजनाथ, बोट बुडालेली नाही."

"मग खाली कशी गेली?"

तेवढ्यात शेजारचा आसाराम बांधावरून धावत आला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि डोळ्यांत पाणी.

"बायडाक्का, तोंड गोड करा! चमत्कार झाला! माजी हीर संक्रांतीपास्नं कोरडी हुती, आज सकाळी बगतो तर धा फूट पानी! एप्रिल म्हैन्यात! कालच शिंगनापूरला तेल वाहून आल्तो."

सासूबाईंनी पेढा हातात घेतला. तळ्याकडे बघितलं. काल पाणी होतं त्या उंचीवर ओल्या कागदाची चकचकीत पट्टी दिसत होती आणि तिच्या खाली, बोट जिथून घसरली होती तिथे, दोन लांबलचक चिरा. पितळी पंख्यांनी पाडलेल्या. मग त्यांनी आसारामच्या विहिरीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

मी बोटीतच बसून राहिलो. बोट माझ्यासकट आणखी बोटभर खाली गेली.

"दाजी," वैजनाथ हळूच म्हणाला, "बोट गळत न्हाई. तळं गळतंय."

त्या दुपारी तळं बुडाला टेकलं. बोट चिखलात बसली आणि क्रेनवाला म्हणाला, आता एवढ्या खोलातून हिला काढायला माझ्या बापाचा हात पुरणार न्हाई. आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सासूबाई फक्त प्रत्येक लिंबाला हात लावत सगळ्या बागेतून फिरून आल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मार्ग त्यांनीच काढला. दोन दिवसांनी आसारामला म्हणाल्या, "हिरीतलं पानी माजं हाय. माघारी दे." आसाराम भला माणूस, लगेच कबूल झाला. पण लाइट येते तिच्या लहरीप्रमाणे, तेव्हा विहिरीतून उपसायचं आणि साठवायचं कशात? तळ्याचा कागद तर फाटलेला.

"त्या राणीत," सासूबाई म्हणाल्या. "जावयानंच पारखलंय, गळत न्हाई म्हनून."

तर आता आसारामची विहीर यॉटमध्ये उपसतात आणि यॉटमधून नळी लिंबांना जाते. झाडं हिरवी आहेत. अलिबागवाला ट्रेलर रिकामा घेऊन गेला. वैजनाथ संध्याकाळी टपरावर बसून बगळे मोजतो. आणि मी? तीन रविवार झाले, मी तळ्याच्या कागदाला ठिगळं लावतोय. दिपाली वरून डबा सोडते आणि तशीच माघारी जाते.

परवा सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, दुरुस्तीच्या लायकीचं हाय का भंगार?"

मला जरा बरं वाटलं. शेवटी माझं मत विचारलं होतं. मी घसा साफ केला. "बोट तशी मजबूत आहे, आई, पण वरचं काम..."

"बोटीचं कोन इचारतंय? तळ्याचं सांगा," त्या म्हणाल्या. "वास घिऊन सांगा."

मी कोपरापर्यंत चिखलात होतो. वास घ्यायला वाकावंसुद्धा लागलं नाही.