संघर्ष सरांचा चहा

सन २००२ मध्ये नाशिकच्या एका महाविद्यालयातल्या मानव्यविद्या विभागाने ठराव केला की, यापुढे कुणीही दुसऱ्याच्या संस्कृतीला हात लावायचा नाही. ज्याने त्याने आपापल्याच अनुभवावर बोलायचं. वडे गार होत असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

अंमलबजावणी कडक होती. स्त्रियांच्या कविता शिकवणाऱ्या पुरुषांचे तास बंद झाले. राज सर कांदेवाल्या देवळ्याचे, म्हणून त्यांच्याकडची फ्रेंच कादंबरी काढून घेऊन त्यांना शिकवायला कांदा देण्यात आला.

पंचाईत झाली ती इंग्रजीच्या संघर्ष सरांची. त्यांनी खपून खपून इंग्रजी रहस्यकथांमधल्या चहावर निबंध लिहिला होता. चहात विष कोण घालतं, कसं घालतं, सगळं. चर्चासत्रात तो वाचायचाच, या इच्छेने पठ्ठ्या झपाटला होता.

"इंग्रजांचा चहा तुम्ही कसा घेणार, सर?" विभागप्रमुख भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बौद्ध समाजातले. तुमच्या उपासमारीवर बोला ना."

"मॅडम, वडील सरकारी छापखान्यात होते. क्वार्टर होतं, फ्रीज होता. मी उपाशी राहिलोच नाही."

"नीट आठवून बघा. घाई नाही."

सरांच्या दुःखाची पाहणी करायला उपसमिती नेमली गेली. लहानपणी बॅट हरवली होती, तेवढं एक दुःख हाती लागलं. 'व्यथा अपुरी, सबब पूरक व्यथा विभागाने पुरवावी,' असा अहवाल आला. मग मॅडमनीच रजा टाकून सरांची उपासमार लिहून काढली.

चर्चासत्रात सरांनी मॅडमचे कागद खिशात कोंबले आणि स्वतःचा निबंध सुरू केला.

"चहा आला. एक कप वेगळा ठेवलेला होता."

वेगळा कप म्हटल्याबरोबर सभागृह हळहळलं.

"त्या चहात विष होतं."

"आपणच कालवलं हो ते, आपल्या समाजानं!" मॅडमनी पदर डोळ्यांना लावला.

"अहो, खरंखुरं विष! लॉर्डसाहेबांचा खून झालाय, मॅडम!"

"प्रतीक आहे ते," राज सर शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले.

सर घसा फोडून बोलत राहिले. टाळ्यांमध्ये काही ऐकू गेलं नाही. शाल आणि श्रीफळ घेऊन ते घरी आले आणि खुर्चीत मटकन बसले. फार वाईट वाटलं होतं त्यांना.

"राखी," ते बायकोला म्हणाले, "विष घातलं कुणी, हे एकानंही विचारलं नाही गं."

वाचकहो, सरांबद्दल तुमचंही मन भरून आलं असेल. पण खरं सांगा, तुम्ही तरी विचारलंत?