घाटातला धूर

गाडी गेली, हे धामणधऱ्याला मंगळवारी कळलं. आणि सगळ्यात शेवटी कळलं ते हिंमतरावांना.

खामगावहून बुलढाण्याला जाणारी सकाळची गाडी धामणधऱ्याच्या फाट्यावर थांबते. गाव घाटाच्या माथ्यावर, फाट्यापासून थोडं आत. जुनी गाडी घाट चढायला लागली की तिचं कण्हणं थेट गावात ऐकू येतं, असं गावाचं म्हणणं होतं. पहिल्या वळणाला बायका तव्यावरची शेवटची भाकरी उलटत, दुसऱ्या वळणाला पुरुष अंगात सदरा घालत आणि तिसऱ्या वळणाला सगळे घराबाहेर पडत. गाडी आणि माणसं फाट्यावर बरोबरच पोचत. घड्याळ घराघरात होतं, पण गाडीशी त्याचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

हिंमतरावांना कानानं कमी ऐकू येई. त्यांच्यासाठी गाडी ऐकायचं काम अन्नपूर्णाबाई करायच्या. सकाळी अंगणात सडा टाकता टाकता त्या मान वर करत आणि खणखणीत आवाजात सांगत, "लागली घाटात." मग हिंमतराव भाजीचं गाठोडं उचलून बुलढाण्याच्या बाजाराला निघत. गंमत अशी की गाडी सगळ्यांच्या आधी ऐकणाऱ्या या बाईला गाडीत बसणं मात्र जमलं नाही. डिझेलच्या वासानं त्यांना मळमळायचं. लेकीचं बिऱ्हाड पाहायला म्हणून एकदा निघाल्या आणि पहिल्याच नाल्याच्या पुलावर उतरून, तोंड धुऊन, पायी परत आल्या. त्यानंतर लेकीकडे कुरडया गेल्या, लोणचं गेलं, शेवया गेल्या. बाई गेल्या नाहीत.

मागच्या थंडीत अन्नपूर्णाबाई वारल्या. हिंमतरावांनी गाडीचं मग कोणाला विचारलं नाही. ते ओट्यावर बसून घाटाकडे पाहत राहत. सागाच्या शेंड्यांवर काळा धूर उठला की चपला घालत. वर्षभरात त्यांची गाडी एकदाही चुकली नाही.

त्या मंगळवारी धूर उठलाच नाही. गल्लीतल्या लोकांना आवाजही आला नाही. हिंमतराव ओट्यावर बसून राहिले, गल्ली घरात बसून राहिली आणि मेथीच्या जुड्या माना टाकू लागल्या. दुपारी रंगरावाच्या मेव्हण्याचा बुलढाण्याहून फोन आला, की गाडी तर कधीचीच आली, तुम्ही काऊन नाही आले? रंगराव म्हणजे हिंमतरावांचा शेजारी. अर्धी गल्ली घेऊन तो फाट्यावर शालिग्रामच्या हॉटेलात गेला. शालिग्राम दिवसभर रस्त्याकडे तोंड करूनच चहा करायचा.

"एक गाडी आली होती," शालिग्राम म्हणाला. "चकचकीत. काचा बंद. आवाज नाई, धूर नाई. मले वाटलं, कोनाचं तरी वऱ्हाड जाऊन राह्यलं."

"मंग थांबली नाई काय?"

"थांबली ना. एक बाई उतरली, तिकिटाची मशीन गळ्यात. म्हने, हितं कोनी हाय काय? मी म्हनलो, बाई, तुमचा नवरदेव कोन्या गावचा?"

हॉटेलच्या भिंतीवर सरकारचा कागद आठवडाभर डकवलेला होता. त्याच्यावर शालिग्रामनं सदरा टांगला होता. सदरा काढल्यावर सगळ्यांनी तो वाचला. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या टप्प्याटप्प्यानं काढणार, त्यांच्या जागी बॅटरीवरच्या गाड्या येणार, आणि खाली गाडीची वेळ. वेळ कोणी वाचली नाही. रंगरावानं तर धुरापाशीच वाचणं सोडलं. त्याची मोटारसायकल बुलढाण्यात पीयूसीच्या तपासणीत नापास झाली होती आणि दुरुस्त केल्याशिवाय चालवायची नाही म्हणून ताकीद मिळाली होती. तेव्हापासून ती गोठ्यात उभी होती. सरकार आपल्या धुराच्या मागे लागलं आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. आता सरकारनं गाडीचाही धूर नेला.

बाकीच्यांचा एक बाजार बुडाला, एवढंच. हिंमतरावांचं तसं नव्हतं. गुरुवारी बुलढाण्यात सुचिताच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, नव्या घराची वास्तुशांती होती. माहेरचा आहेर त्यांनी न्यायचा होता. घराचा पाया खणला तेव्हाच अन्नपूर्णाबाईंनी गावात आलेल्या कापडवाल्याकडून अंजिरी रंगाची साडी निवडून ठेवली होती. पूर्णाहुतीला लेकीच्या अंगावर ती हवी, असं त्यांनी बजावलं होतं. सकाळची गाडी चुकली तर पुढची थेट दुपारनंतर. तोवर जेवणाच्या पंगती उठलेल्या असत्या.

बुधवारी सराव म्हणून सगळे उजाडताच फाट्यावर जाऊन बसले. थंडी कडाक्याची होती. थोड्या वेळानं शालिग्रामनं हॉटेलामागे शेकोटी केली आणि एकेक जण तिकडे सरकला. गप्पा रंगल्या. मध्येच कुठून तरी मऊ असा आवाज आला. सगळ्यांनी एकाच वेळी खिशात हात घातले आणि आपापला फोन काढून पाहिला. कोणाचाच वाजत नव्हता. पुढे येऊन पाहतात तर गाडी बुलढाण्याच्या वळणाआड जात होती. तो तिचा हॉर्न होता.

"असा हॉर्न असते काय बे?" रंगराव म्हणाला. "झोपल्या लेकराले उठवाचं असल्यावानी."

हिंमतराव बराच वेळ घाटाकडे बघत होते. मग म्हणाले, "गाडीले धूर नाई, तं आपन देऊ."

त्यांचं म्हणणं साधं होतं. घाटात फोन लागत नाही, पण दुसऱ्या वळणाच्या वरच्या खडकावरून खालचा रस्ता दिसतो. तिथं एकानं बसायचं, गाडी दिसली की ओला पाला पेटवायचा. वर धूर दिसला की सगळ्यांनी शेकोटी सोडून रस्त्यावर यायचं. सगळ्यांना हे पटलं. रंगराव खडकावर जायला लगेच तयार झाला. धुराच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरला नसता.

गुरुवारी हिंमतराव इस्त्रीचा सदरा घालून, साडीची पिशवी छातीशी धरून फाट्यावर उभे राहिले. दव इतकं पडलं होतं, की रंगरावाचा पाला पेटेना. पण तो कच्चा माणूस नव्हता. बुलढाण्यात ज्या मोटारसायकलीला धूर सोडायला बंदी होती, तिचाच जुना टायर त्यानं बरोबर आणला होता. गाडी दिसताच त्यानं तो पाल्याखाली सरकवला आणि रॉकेल ओतून काडी लावली.

फाट्यावरून तो लोट दिसला तेव्हा हिंमतरावांचे पाय सवयीनं चपला शोधू लागले. अगदी जुन्या गाडीचा धूर. तसाच काळा, तसाच तिरपा. "लागली घाटात," असं ते कोणाला न विचारता म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला आले.

धूर वाढत गेला. गाडी आली नाही. आणखी वाढला, तरी आली नाही. शेवटी घाटातून एक तरुण बाई तरातरा चालत वर आली. खाकी पोशाख, गळ्यात मशीन, हातात फोन उंच धरलेला. ही नव्या गाडीची कंडक्टर, योगिनी.

"हितं फोन लागतो का?" तिनं विचारलं. श्वास लागला होता, पण आवाजात घबराट नव्हती.

"लागते ना," शालिग्राम म्हणाला. "गाडी कुठी हाय?"

"खाली थांबवली. गाडीवर एकदम काळा धूर आला. बॅटरीची गाडी, धूर दिसला की सगळ्यात आधी माणसं उतरवायची असं आमाले शिकवलं आहे. सगळे उतरवले, मोजून लांब बसवले. ड्रायव्हर तपासून राह्यले. डेपोले कळवावं लागते."

शालिग्राम कपबशी पुसू लागला. ती आधीच पुसलेली होती.

"बाई," हिंमतराव म्हणाले, "तो धूर गाडीचा नाई. आमचा हाय."

योगिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सगळ्या गावाकडे पाहिलं.

"तुमचा म्हणजे?"

हिंमतरावांनी सगळं सांगितलं. मंगळवारचं वऱ्हाड, बुधवारची शेकोटी, आजचा खडक. पिशवीतली साडीही सांगितली. सगळं ऐकून घेतल्यावर योगिनीनं इतकंच विचारलं, "बाबा, गाडीची वेळ लिवलेली आहे. घड्याळ कोनी पाह्यलं नाई?"

"आमच्या हितं गाडी कोनी घड्याळात पाहत नाई," शालिग्राम म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडा अभिमानच होता.

सगळे खाली गेले. ड्रायव्हर कुलदीप गाडीच्या पोटाखाली वाकून बघत होता. उतारू लांब झाडाखाली शिस्तीत बसले होते, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर इतरांच्या शाली होत्या. आणि रंगराव नाल्यातून बादलीनं पाणी आणून गाडीजवळ ठेवत होता. गाडी थांबली, माणसं पळाली, हे त्यानं वरून पाहिलं आणि मदतीला धावत उतरला होता. डोक्यावर आपला टायर जळतोय हे तो साफ विसरला होता.

"मांगं सरा," तो गावकऱ्यांना म्हणाला. "गाडी पेटून राह्यली."

"रंगराव, वर पाह्य," हिंमतराव म्हणाले.

रंगरावानं वर पाहिलं. मग बादलीकडे पाहिलं. मग ती उचलून मुकाट्यानं खडकाकडे चालू लागला.

योगिनीनं आवाज चढवला नाही. "तुमच्या गावात धूर नको म्हणून सरकारनं ही गाडी धाडली, आन तुमी तिच्यासाठी टायर पेटवला," एवढं म्हणाली आणि कामाला लागली. बाजूला सागाचं रान होतं. शेवटचा निखारा विझल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं तिनं सांगितलं. गाव माती लोटू लागलं. हिंमतरावांनी पिशवी एका म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि इस्त्रीच्या सदऱ्यानिशी मातीची घमेली उचलली. ऊन वर चढत होतं. पूजेला आता सुरुवात झाली असेल, असं त्यांच्या मनात सारखं येत होतं.

आग विझली, पण डेपोतले साहेब फोनवर विश्वास ठेवेनात. धूर बाहेरचाच कशावरून? योगिनीनं रंगरावाला खडकावर उभं केलं, काठीला अर्धा जळका टायर लटकवला आणि फोटो काढला. रंगरावानं केसांवरून हात फिरवला तेवढ्यात कपाळ काळं झालं. तो फोटो घेऊन ती पुन्हा फाट्यावर चढली, पाठवला, बोलली आणि परवानगी घेऊनच उतरली. त्या दिवशी ती बाई तो चढ किती वेळा चढली, पण तोंड वाकडं केलं नाही. गावातल्या बायका नंतर बरेच दिवस तिचं नाव काढत होत्या.

गाडी निघाली. हिंमतराव खिडकीशी बसले. इंजिनाचा थरकाप नव्हता, काच खडखडत नव्हती, पायाखालून धूर येत नव्हता. योगिनीनं साध्या आवाजात विचारलं, "बाबा, बुलढाणा ना?" आणि त्यांना ते ऐकू आलं. ते दचकले. इतक्या वर्षांत गाडीत कोणाचं बोलणं त्यांना एका दमात ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कान चाचपून पाहिला. कान तोच होता.

मागच्या बाकावर रंगराव आणि किराणा आणायला निघालेला शालिग्राम बोलत होते. गाडीत हिंमतरावांच्या मागे बसून बोलायला कोणी कधी आवाज खाली केला नव्हता.

"खरं सांगू काय?" रंगराव म्हणत होता. "थे घाटातली गाडी मले कधीच ऐकू आली नाई."

"म्हंजे? तू तं म्हने, दुसऱ्या वळनाचा गिअर वळखतो."

"म्हनाची गोठ. वहिनी 'लागली घाटात' म्हनत, आन मी सदरा घालत होतो. सारी गल्ली तेच करे."

"मंग हे वर्षभर?"

"वर्षभर हिंमतभाऊच्या पायाकडं पाह्यलं. त्यानं चपला घातल्या, की निंघाचं."

शालिग्रामनं हे मनात जुळवून पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे आख्खं गाव बहिऱ्या मानसाच्या भरवशावर गाडी पकडत होतं."

"हळू बोल बे," रंगराव म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "बोल, त्याले काय ऐकू येते." आणि थोड्या वेळानं, "कान होता बावा त्या बाईले. तसा कान पुन्हा होनार नाई."

हिंमतराव खिडकीबाहेर पाहत राहिले. ऐकू आल्याचं त्यांनी दाखवलं नाही. नाल्याचा तो पूल आला तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली. पूल मागे गेला.

बुलढाण्यात ते घरी पोचले तेव्हा भटजी पूर्णाहुतीचा नारळ हातात धरून बसले होते. सुचितानं त्यांना अडवून धरलं होतं. माझं माहेर येतं आहे, असं ती मघापासून सांगत होती. माहेर आलं ते मातीनं भरलेल्या सदऱ्यात, टायरच्या काजळीचा एक पट्टा गालावर घेऊन. जावईबापूंनी काही विचारायला तोंड उघडलं, पण सुचितानं आधी पिशवी घेतली. साडी बाहेर काढली, उलगडली आणि चेहऱ्याशी नेली.

"बाबा," ती म्हणाली, "आजवर मायनं धाडलेल्या हरेक वस्तूले डिझेलचा वास यायचा. लोनच्याच्या बरनीवर बांधलेल्या दादऱ्याले सुदा. साडीले नाई."

"नवी गाडी हाय," हिंमतराव म्हणाले. "वासच नाई येत. धूर नाई, हादरे नाई. सरकारनं चांगलं काम केलं."

सुचिता साडी नेसून आली. नारळ अग्नीत पडला, पूजा झाली, पंगती बसल्या. संध्याकाळी परतीची गाडी किती वाजता, हे हिंमतरावांनी योगिनीनं लिहून दिलेल्या कागदावर पाहून घेतलं आणि जावयाच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मग ते नवं घर खोली खोली करून हिंडले. स्वयंपाकघर मोठं होतं, खिडकी पूर्वेला होती. सगळं झालं होतं. अन्नपूर्णाबाईंना या गाडीत बसवून लेकीच्या घरी आणायचं तेवढं राहिलं.